पदरचं अंतर

आमच्या धंद्यात 'हात देणं' म्हणजे काय ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला मध्येच अडवायला नको.

मी हेमांगी तांडेल. देवखाडी विमानतळावर अप्रोच कंट्रोलर. चारी दिशांनी येणारी विमानं एका रांगेत लावायची, दोघांमध्ये योग्य अंतर ठेवायचं आणि एकेक करून धावपट्टीकडे सोडायचं, हे माझं काम. लोकांना अजून वाटतं की आम्ही हातात झेंडे घेऊन उन्हात उभे असतो. वाटू दे. हे काम शिकायला सिम्युलेटर असतो. पुढच्या खोलीत रडारच्या पडद्यासमोर शिकणारा बसतो. मागच्या खोलीत हेडसेट लावून काही माणसं बसतात आणि ती पायलट होतात. एकेक जण पाच-सहा विमानं चालवतो. आपण म्हणायचं, 'स्पीड कमी करा.' मागून पायलटाच्या थाटात उत्तर येतं, कीबोर्डवर आकडा टाकला जातो आणि पडद्यावरचा ठिपका मंदावतो. या माणसांना आम्ही खोटे पायलट म्हणतो. त्यांनाही त्याचं काही वाटत नाही.

आता, परीक्षेच्या दिवशी पुढे बसलेल्या पोरीची घाबरगुंडी उडालेली असते. मागच्या माणसाला ते तिच्या आवाजावरून कळतं. मग तो तिनं सांगायच्या जरा आधीच विमान मंदावायला लागतो. कधी वळण थोडं लवकर घेतो. यात नियमाबाहेर काहीच नाही, कारण खरे पायलटही कधीकधी असं आपणहून करतात. पण खऱ्या आकाशात एकानं असं केलं तर दुसरा नेमका उलट वागतो. परीक्षेत मात्र सगळेच्या सगळे तिच्या सोयीनं वागतात. याला हात देणं म्हणतात. देवखाडीत असा एकही कंट्रोलर नाही ज्याला कुणी हात दिला नाही. त्याला कुणी लबाडी म्हणत नाही. शेजारणीनं येता-जाता आपल्या दुधाखालचा गॅस बारीक करावा, इतकं ते साधं आहे. त्याबद्दल कुणी आभार मानत नाही आणि कुणी बोलतही नाही.

मला हात दिला आंगणेकाकांनी. भार्गव आंगणे एके काळी आमच्याकडचे सगळ्यांत तयारीचे कंट्रोलर होते. एक कान गेला, मेडिकल बोर्डानं लायसन्स काढून घेतलं आणि ते कंत्राटावर मागच्या खोलीत येऊन बसले. हळूहळू त्या खोलीचे मुकादम झाले. मला शिकवलं त्यांनीच, शिव्याही घातल्या त्यांनीच. माझ्या लग्नात बापाच्या जागी उभे राहिले तेही तेच.

तर एवढ्या तयारीवर डॉक्टर केतकी राजवाडेची गोष्ट ऐका.

केतकी संशोधन संस्थेतून आली होती. माझ्याच वयाची, हुशार, आणि वागायलाही चांगली, म्हणून तिच्यावर धड रागावताही येत नाही. तिचा विषय होता विमानांमधलं अंतर. विमान हवेतून जातं तेव्हा पंखांच्या दोन्ही टोकांपासून हवेचे दोन आडवे भोवरे मागे सुटतात. विमान जितकं जड, तितके भोवरे दांडगे. ते दिसत नाहीत आणि लवकर विरतही नाहीत. मागून येणारं हलकं विमान त्यात सापडलं तर एका अंगावर उलटतं, आणि जमीन जवळ असेल तर सावरायला वाव राहत नाही. म्हणून जड विमानामागे हलक्यानं ठरावीक अंतर ठेवायचं, असा नियम आहे. पण कुठलाही कंट्रोलर मोजून तेवढंच ठेवत नाही. पायलट कधी ऐकेल, विमान कधी मंदावेल, वारा काय करेल, कशाचाच भरवसा नसतो. म्हणून प्रत्येक जण नियमात आपलं थोडं घालतो. त्याला आम्ही पदरचं अंतर म्हणतो.

केतकीचं म्हणणं असं की ताज्या वाऱ्याचा हिशेब ठेवला तर नियमातलं अंतर बऱ्याच दिवशी कमी करता येईल, आणि यंत्राला उत्तम कंट्रोलरसारखं वागायला शिकवलं तर पदरचंही कमी होईल. मग त्याच धावपट्टीवर कितीतरी जास्त विमानं उतरतील. खाडी बुजवून दुसरी धावपट्टी बांधायला नको. पण खऱ्या आकाशात कमी अंतराचा प्रयोग कोण करू देणार? म्हणून तो सिम्युलेटरमध्ये करायचा. एका कंट्रोलरला वर्षभर तिथं बसवायचं, अंतर थोडं थोडं कमी करत न्यायचं, आणि तो काय करतो ते यंत्रानं शिकायचं.

तपासणीत माझं पदरचं सगळ्यांत कमी निघालं, आणि नियम एकदाही मोडलेला नव्हता. मला निवडलं. मी हरखून गेले होते, खोटं कशाला बोलू. आंगणेकाकांनी तर सगळ्या विमानतळाला पेढे वाटले.

वर्षानं यंत्र तयार झालं. कागदोपत्री नाव लांबलचक होतं, आम्ही तिला जुळी म्हणायचो. ती माझ्यासारखी विमानं लावायची आणि पायलटांशी माझ्या आवाजात बोलायची. सूचना देण्याआधी मी बारीकसं 'हं' करते, तसं तीही करायची. माझ्या नवऱ्यानं ऐकलं तेव्हा म्हणाला, "हिला घरी आण, निदान ही तरी माझं ऐकेल." तिच्या चाचण्या घ्यायला यंत्राचेच पायलट केले होते, तेही मागच्या खोलीच्या वर्षभराच्या कामावरून शिकलेले. लाखो विमानं उतरवली जुळीनं. एकही अंतर मोडलं नाही. कायद्याला मात्र लायसन्सवालं माणूस हवं असतं, म्हणून ठरलं की जुळी माझ्या लायसन्सवर काम करणार, मी शेजारी बसणार, आणि वाटलं तर बटण दाबून काम हातात घेणार.

पहिला महिना जुन्याच अंतरावर होता. तेव्हा धोका काहीच नव्हता, नुसती सवय व्हावी म्हणून. एका दुपारी मी चहा पीत पडद्याकडे बघत होते. पुढे एक अगडबंब विमान, मागे एक छोटं. छोटं जवळ येत चाललं होतं. मी खुर्चीत असते तर तेव्हाच म्हटलं असतं, स्पीड कमी करा. जुळी गप्प होती. बराच वेळ गप्प राहिली, मग 'हं' करून सूचना दिली. पायलटानं उत्तर दिलं, विमान सावकाश मंदावलं, अंतर भरपूर होतं म्हणून काही बिघडलं नाही. पुढच्या जोडीला पुन्हा तेच. त्यापुढच्या जोडीलाही तेच. मला कळेना की ही थांबते कशाला.

आणि मग कळलं. ती कुणाचीतरी वाट पाहत होती. मागच्या खोलीतून कुणीतरी आधीच विमान मंदावेल, याची. वर्षभर मी तिथं बसले होते, दिवसेंदिवस कमी होत जाणाऱ्या अंतरावर, आणि माझी विमानं कशी शहाण्यासारखी वागत होती. मी समजत होते की माझा हात बसला. काकांची माणसं मला रोज हात देत होती, आणि तोच हात धरून जुळी उभी राहिली होती. चहा तसाच राहिला.

मी तशीच केतकीकडे गेले. तिनं सगळं ऐकून घेतलं, नाही म्हणणार नाही मी.

"पण हेमांगी, मागच्या खोलीतल्यांनी नियमाबाहेर काही केलं का?"

"नाही. एकेकट्या विमानाचं बघशील तर सगळं बरोबर आहे. पण रोज सगळीच विमानं सोयीनं कशी वागतील?"

"मग खऱ्या विमानांशी ताडून बघ म्हणशील. ते आम्ही केलंय. खरे पायलट थोडे उशिरा मंदावतात. पण का, तर आज अंतर भरपूर आहे, त्यांना घाई नाही. अंतर कमी झालं की तेही चपळ होतील. तशी सूचना सगळ्या कंपन्यांना गेली आहे."

"आणि नाही झाले तर?"

"मला नुसत्या तुझ्या वाटण्यावर हे थांबवता येणार नाही. समिती बसते आहे पुढच्या आठवड्यात. मागच्या खोलीतल्या कुणीतरी समोर येऊन सांगू दे की आम्ही हे जाणूनबुजून केलं. मग मी स्वतः सगळं रद्द करीन."

काका घरी अंगणात सुकट निवडत बसले होते. मी विचारलं तर हसले.

"अगं हेमे, हात कुणी कुणाला देत नाही का? तू थकलीस की तुझा आवाज जड होतो. पोरांना सांगून ठेवलं होतं, आवाज जड झाला की सांभाळून घ्या म्हणून."

"काका, तो प्रयोग होता. परीक्षा नव्हती."

"माझ्या दृष्टीनं परीक्षाच. माझी पोर बसली होती पुढे."

मी त्यांना सगळं समजावलं. ते जन्मभर हेच करत आले होते, समजायला वेळ लागला नाही. त्यांचा चेहरा उतरला. सुपातलं सुकट तसंच ठेवून म्हणाले, "सांगतो समितीला. तू नको काळजी करू." मी त्यांच्या पाया पडून निघाले. त्या रात्री कित्येक दिवसांनी मला धड झोप लागली.

समितीपुढे काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. अध्यक्षांनी विचारलं, "सिम्युलेटरमधल्या पायलटांनी श्रीमती तांडेल यांना मुद्दाम मदत केली का?"

काका माझ्याकडे बघत नव्हते. "नाही साहेब. मदतीची तिला गरजच नाही. तिच्यासारखा कंट्रोलर मी दुसरा पाहिला नाही."

बाहेर कॉरिडॉरमध्ये मी त्यांना गाठलं. तेच बोलले. "प्रश्न ऐकलास का त्यांचा? मुद्दाम, जाणूनबुजून. हो म्हटलं असतं तर मागच्या खोलीतल्या पोरांवर खटले भरले असते. कंत्राटावरची पोरं आहेत ती."

"आणि आकाशातली माणसं?"

"तू आहेस ना शेजारी बसलेली. बटण आहे ना." मग खालच्या आवाजात, "हेमे, माझं लायसन्स गेलं तेव्हा माझं म्हणून काही उरलं नव्हतं. आता बारा विमानतळ तुझी जुळी घेणार म्हणतात. तू खोटी होतीस, असं मी माझ्या तोंडानं सांगू?"

मी त्यांना तिथंच सोडून निघून गेले. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता, आणि इतकी कीवही.

अंतर कमी झालं. सोडून जावं असं मनात आलं होतं, पण मी गेले असते तर माझ्या खुर्चीत असं कुणीतरी बसलं असतं ज्याला हे ठाऊकच नाही. म्हणून मी बसले. जुळी गप्प राहिली की मी बटण दाबायचे, आणि जी सूचना तिनं द्यायला हवी ती द्यायचे. आवाज तोच, पायलटांना काही कळायचं नाही. दिवसाला कितीदा दाबायचे, मोजणं सोडून दिलं होतं. पण यंत्र मोजत होतं. मी दाबलेलं प्रत्येक बटण ते संध्याकाळी पुन्हा खेळून बघायचं: हेमांगीनं हात घातला नसता तर काय झालं असतं? यंत्राचे गुणी पायलट आपणहून मंदावायचे आणि उत्तर यायचं, काहीही झालं नसतं. अशी ढीगभर उत्तरं जमल्यावर मला बोलावण्यात आलं. माझा आत्मविश्वास ढासळलाय म्हणे. माझंच उदाहरण माझ्यापुढे ठेवलं: जुळी म्हणजे वर्षापूर्वीच्या तुम्हीच, आणि वर्षापूर्वीच्या तुम्ही किती निर्धास्त होता बघा. मला सक्तीची रजा मिळाली. करारातल्या एका कलमानुसार जुळी माझ्याच नावावर चालू राहिली, शेजारी एक नवा मुलगा बसला.

तीन आठवड्यांनी, उघड्या स्वच्छ सकाळी, दक्षिण कोकणातून आलेलं एक छोटं विमान धावपट्टीच्या अलीकडे खाडीकाठच्या खाजणात कोसळलं. त्याच्यापुढे एक अगडबंब विमान उतरत होतं. छोट्यात नऊ माणसं होती आणि कॅप्टन तन्मय घरत. कुणी वाचलं नाही. बातम्यांमध्ये त्यांनी शेवटचं संभाषण ऐकवलं. 'हं,' मी म्हणाले, 'स्पीड एकशे साठ करा.' तो म्हणाला, 'एकशे साठ करतो मॅडम.' मी आमच्या स्वयंपाकघरात उभी होते, आणि मी ते विमान पाडत होते. नवऱ्यानं टीव्ही बंद केला. त्यानंतर मी घरात कितीतरी दिवस मोठ्यानं बोलत नव्हते.

चौकशी सिम्युलेटरच्याच इमारतीत झाली. विमानाच्या नोंदीवरून दिसत होतं की घरतनं सूचना ऐकली, उत्तर दिलं आणि लगेच वेग कमी केला, कुठलाही शहाणा पायलट करेल तसा. पण यंत्रानं तो प्रसंग पुन्हा पुन्हा खेळला, आणि दरवेळी विमान सुखरूप उतरलं. त्यावरून निष्कर्ष निघत होता की घरतनं उशीर केला. त्याची बायको ऋजुता तिथं येऊन बसायची. तिला आम्हां कुणाचं बोलणं कळत नव्हतं, पण नवऱ्याचं नाव आलं की ती मान वर करायची.

मी उभी राहून सगळं सांगितलं. यंत्राचे पायलट कुणावरून शिकले ते सांगितलं. चौकशीचे अध्यक्ष म्हणाले, हे पूर्वीच्या समितीनं तपासलंय, श्री. आंगणे यांचा जबाब आहे. तेव्हा मागून काका उठले. मी त्यांच्याशी अपघातानंतर एक शब्द बोलले नव्हते. ते वाळून गेले होते.

"तो जबाब खोटा होता," काका म्हणाले. "आम्ही हात देत होतो. मी लिहून देतो."

"एकदा खोटं बोललात, आता कशावरून खरं?"

"मग बोलत नाही. दाखवतो. यंत्राचा पायलट काढा आणि ते विमान मला चालवायला द्या. जुळीची सूचना येईपर्यंत मी कशालाही हात लावणार नाही. सूचना आली की उत्तर देईन, मग वेग कमी करीन, जसं त्या पोरानं केलं तसं. विमान भोवऱ्यात गेलं तर त्याची चूक नाही, एवढं तरी मानाल?"

अध्यक्षांनी इतरांकडे बघितलं आणि मान्य केलं. मला वाटलं, सुटलो. काका मागच्या खोलीत जायला निघाले तेव्हा मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "काका, काही करायचं नाही. नुसतं बसायचं." त्यांनी मान हलवली.

आम्ही सगळे पुढच्या खोलीत पडद्यासमोर उभे राहिलो. मागची खोली काचेतून दिसत होती. काकांनी हेडसेट लावला, शर्टाला हात पुसले. ठिपके सरकायला लागले. पुढे मोठा, मागे छोटा. पडद्यावर छोट्याच्या शेजारी त्याच विमानाचा नंबर होता आणि खाली, नेहमीप्रमाणे, आतल्या माणसांची संख्या: दहा. अंतर कमी होत चाललं. जुळी गप्प होती. ऋजुता माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती. मी मनात म्हणत होते, बसा काका, बसून राहा, पडू दे ते. काचेतून मला त्यांचे दोन्ही हात दिसत होते, टेबलाच्या कडेला घट्ट धरलेले. अंतर आणखी कमी झालं. जुळी अजून गप्पच.

काकांचा उजवा हात सुटला आणि त्यांनी वेग कमी केला.

सूचना नंतर आली. माझ्या आवाजात, 'हं' करून. काकांनी नीट उत्तर दिलं. तोवर ठिपका मंदावला होता. तो मोठ्याच्या मागून, सुरक्षित अंतरावरून, सरळ रेषेत खाली आला आणि धावपट्टीवर जाऊन थांबला.

अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे अनुभवी पायलट पुढचं ओळखून आधीच मंदावतो. तसा त्याला अधिकार आहे. ही अपेक्षा अवाजवी नाही, हे सिद्ध झालं." ते लेखनिकाकडे वळले आणि मजकूर सांगायला लागले.

मी धावत मागच्या खोलीत गेले. काकांनी हेडसेट काढला नव्हता. ते लहान मुलासारखे रडत होते.

"तुम्ही काय केलंत काका? मी सांगितलं होतं ना, नुसतं बसा म्हणून."

"दहा माणसं होती गं त्यात," ते म्हणाले. "मला नाही बघवलं."

मी मागे वळले तर ऋजुता दारात उभी होती. पलीकडे पडदा अजून चालू होता आणि त्यावर तन्मयचं विमान धावपट्टीवर उभं होतं. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं मला विचारलं, "उतरलं ना ते? म्हणजे त्यांचीच चूक होती का?"

"नाही," मी म्हणाले. "त्याची काही चूक नव्हती."

इतक्या जवळून माझा आवाज ऐकून ती दचकली आणि दोन पावलं मागे सरली.